तीळ तपासायला जाताय? आधी चपला काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आईचं वय ६१, मधुमेह आहे, सगळं आयुष्य उसाच्या रानात आणि बरंचसं अनवाणी गेलेलं. डाव्या टाचेवर काळा डाग. दोन वर्षांपूर्वी तिळाएवढा होता, आता पट्टी लावून मोजला तर ९ मिलिमीटर भरतो. दुखत नाही, खाजत नाही. शेजारणी म्हणतात, तळपायाला तीळ म्हणजे प्रवासाचा योग. मावशी म्हणते, ब्लेड लागलं की पसरतं. तुमच्या स्वतःच्या पाठीवर पंचवीस-तीस तीळ आहेत, आणि मेलबर्नमधला मित्र सांगतो की तिकडे लोक दर वर्षी तीळ तपासून घेतात. तेव्हा अशी तपासणी कोल्हापुरात होते का, की पुण्या-मुंबईला जावं लागेल, असं तुम्ही विचारलंय.

पाठीच्या तिळांवर तुम्ही आठ ओळी लिहिल्यात आणि आईच्या टाचेवर दोन. माझ्या हिशेबानं हे उलटं हवं होतं. पाठीचे तीळ दिवाळीनंतर दाखवलेत तरी चालेल. टाचेचा डाग मात्र या आठवड्यात दाखवा. तो कॅन्सरच आहे असं मी म्हणत नाही, फोटोशिवाय आणि भिंगाशिवाय ते कुणीच सांगू शकणार नाही. पण साठीच्या माणसाच्या तळपायावरचा एकटा काळा डाग दोन वर्षांत तिपटीनं वाढतो, एवढ्यावरच तो तपासण्यालायक ठरतो. दुखत नाही, ही बाब इथे दिलासा देणारी नाही. सुरुवातीचा मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कॅन्सर, सहसा दुखतच नाही.

आता मित्राच्या सल्ल्याबद्दल. तो चुकीचं सांगत नाही, पण तो तिथल्या कातडीबद्दल बोलतोय. ऑस्ट्रेलियात गोऱ्या कातडीवर कडक ऊन पडतं, त्यामुळे मेलॅनोमाचं प्रमाण वर्षाला लाखामागे तीसच्या वर आहे. भारतात ते लाखामागे एकाहूनही कमी. उन्हामुळे पाठीवर, पोटरीवर, खांद्यावर होणारा मेलॅनोमा आपल्या सावळ्या कातडीत दुर्मीळ, कारण मेलॅनिन आपलं बऱ्यापैकी रक्षण करतं. पण याचाच एक दुसरा प्रकार तळपाय, तळहात आणि नखांखाली होतो. त्याचा उन्हाशी फारसा संबंध नाही, आणि तो गोऱ्या-काळ्या सगळ्यांत साधारण सारख्याच प्रमाणात आढळतो. उन्हाचा प्रकार आपल्याकडे जवळपास नसल्यामुळे आपल्या एकूण मेलॅनोमांत या तळव्यांच्या प्रकाराचा वाटा मोठा होतो. म्हणून तिकडची तपासणी पाठीपासून सुरू होते, आपली पायापासून व्हायला हवी. मी तरी पेशंटला आधी चपला काढायला सांगते.

सगळ्यांनी दर वर्षी अंगभर तपासणी करून घ्यावी का? माझं उत्तर नाही असं आहे. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलानंही २०२३ मध्ये हेच म्हटलं की कुठलीही तक्रार नसलेल्या सर्वसाधारण लोकांची अशी सरसकट तपासणी करावी की नाही, हे ठरवण्याइतका पुरावा हाती नाही. ज्या देशात हा आजार आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, तिथली ही स्थिती. आपल्याकडे काही लोकांनी मात्र ठरवून वर्षाला एकदा यावं: आधी मेलॅनोमा होऊन गेलेले किंवा सख्ख्या नात्यात झालेला, जन्मजात मोठं लासं असलेले, विशेषतः वीत-वीतभर पसरलेलं आणि केसाळ, किडनी बदलून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेणारे, आणि जन्मतः अंगात रंगच नसलेले, ज्यांना आपण भुरे म्हणतो. या शेवटच्यांना मेलॅनोमापेक्षा उन्हामुळे होणारा दुसरा कॅन्सर, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, तरुण वयातच गाठतो. त्यांनी सहा-सहा महिन्यांनी दाखवलेलं बरं. बाकीच्यांनी डाग बदलला तर यावं, आणि बदलला हे कळण्यासाठी महिन्यातून एकदा अंघोळीनंतर स्वतःचे तळवे आणि नखं बघावीत. तळपाय दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा.

बदल म्हणजे काय, याची एक परिचित यादी आहे. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ती बांधली, पुढे २००४ मध्ये तिला पाचवा मुद्दा जोडला गेला. डागाचे दोन अर्ध एकमेकांशी जुळत नाहीत. कडा फाटक्या, नकाशासारख्या. एकाच डागात काळा, तपकिरी, करडा, लालसर असे रंग. आकार ६ मिलिमीटरच्या वर, म्हणजे पेन्सिलीच्या मागच्या टोकापेक्षा मोठा. आणि पाचवा, डाग बदलतोय. शेवटचा मुद्दा सगळ्यांत वजनदार. पहिले चार लागू पडणारे कित्येक निरुपद्रवी मस असतात आणि पहिले चार न जुळणारे काही मेलॅनोमाही असतात. पण मोठ्या माणसाचा स्थिर असलेला तीळ वाढायला लागला, तर त्याला कारण असतं.

तळपायासाठी मात्र ही यादी अपुरी पडते, कारण तिथली कातडीच वेगळी. आता जे सांगते ते समजलं तर डॉक्टर भिंगातून काय बघतात तेही समजेल.

तळहात-तळपायाच्या कातडीवर बारीक रेघा असतात, बोटाचा ठसा उमटतो त्याच. जवळून बघितलं तर हे उसाच्या रानासारखं आहे: एक सरी, एक वरंबा, पुन्हा सरी. वरंब्याच्या माथ्यावर घामाची बारीक छिद्रं एका ओळीत असतात, मोत्यांची माळ ठेवल्यासारखी पांढरी दिसतात. साधा, निरुपद्रवी तीळ असेल तर त्याचा रंग सरीत बसतो, पाणी पाजल्यावर सरीत दिसावं तसा. वरंबे कोरडे, फिकट राहतात. मेलॅनोमात उलटं होतं: रंग वरंब्यावर चढतो, रुंद पट्टे तयार होतात आणि सऱ्या बारीक पांढऱ्या रेघांसारख्या उरतात. जपानमध्ये हा आजार मुख्यतः तळपायावरच दिसतो, त्यामुळे हे निरीक्षण तिथल्या त्वचातज्ज्ञांनी पक्कं केलं. त्यांच्या २००४ च्या अभ्यासात सुमारे ८६ टक्के तळव्यांच्या मेलॅनोमांत वरंब्यावरचा रंग दिसला आणि साध्या तिळांत तो अगदी क्वचित. म्हणजे दिसला तर मोठी खूण. पण सातातला एक मेलॅनोमा ही खूण दाखवत नाही, हेही लक्षात ठेवायचं.

सरी कुठली आणि वरंबा कुठला, यात नवख्याची गफलत होते, विशेषतः टाचेवर, जिथे भार पडून रेघा तिरक्या दबतात. त्यावर एक साधी युक्ती आहे. डागावर शाईपेनची शाई लावायची आणि स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची. शाई सऱ्यांत अडकून राहते, वरंबे स्वच्छ होतात. मग रंग कुठे आहे ते सरळ दिसतं.

यावरून निर्णयाची पद्धत अशी. वरंब्यावर रंग दिसला की आकार कितीही असो, बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणं. सरीतला किंवा जाळीसारखा ठरावीक निरुपद्रवी नमुना स्वच्छ दिसला की सोडून द्यायचं. दोन्हींत बसत नसेल तर मोजायचं: ७ मिलिमीटरच्या वर असेल तर बायोप्सी, कमी असेल तर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. तुमच्या आईचा डाग ९ मिलिमीटरचा आहे आणि वाढलेला आहे. तेव्हा नमुना निखालस साधा दिसला नाही तर बायोप्सीकडे जावं लागेल, याची मनाची तयारी ठेवूनच जा. दवाखान्यात बसल्यावर घाबरण्यापेक्षा घरीच बोलून घेतलेलं चांगलं.

सगळेच काळे डाग रंगपेशींचे नसतात. टाचेच्या कडेला काळे ठिपके अचानक आले असतील तर ते बऱ्याचदा कातडीत साकळलेलं रक्त असतं. पळणाऱ्या, उड्या मारणाऱ्या मुलांत हमखास दिसतं. वरची मेलेली कातडी ब्लेडनं हलकेच खरवडली की ते खपलीसोबत निघून जातं, रक्तही येत नाही. आपल्या सावळ्या लोकांत दोन्ही तळव्यांवर फिकट तपकिरी, विखुरलेले अनेक डाग वर्षानुवर्षं असतात, तेही नैसर्गिक. काटा रुतून आत राहिलेला, चामड्याच्या नव्या चपलेचा रंग उतरलेला, असलेही डाग येतात. आणि मेंदी! मेंदीचा आणि बाहेरून लागलेल्या इतर रंगांचा डाग नेमका वरंब्यावर धरतो, म्हणजे भिंगातून हुबेहूब वाईट नमुना दिसतो. घरात नुकतंच लग्न झालं असेल आणि आईनं पायाला मेंदी लावली असेल तर आधीच सांगा. तळव्याची कातडी जाड, मेंदी जायला दोन-तीन आठवडे लागतात. पण तेवढ्यासाठी तपासणी पुढे ढकलू नका. दोन वर्षांचा डाग मेंदीचा नसतो.

याउलट, काही मेलॅनोमा काळे नसतातच. तळपायावर गुलाबी, मांसल गाठ येते, चटकन रक्त येतं, वर ओलसर राहते. मधुमेही माणसात तिला मधुमेहाची जखम म्हणून महिनोन्‌महिने ड्रेसिंग होत राहतं. कुणी कुरूप समजून कॉर्न कॅप लावतं; त्यातलं सॅलिसिलिक ॲसिड वरची कातडी पांढरी करून टाकतं आणि खालचं चित्र झाकलं जातं. माझा नियम सोपा आहे: तळपायावरचं कुरूप, चामखीळ किंवा जखम नीट उपचार करूनही सहा ते आठ आठवड्यांत सुधारली नाही, तर तिचा तुकडा तपासायला गेलाच पाहिजे. आईच्या डागावर कधी कॉर्न कॅप लावली होती का, विचारून घ्या.

नखांचं थोडक्यात सांगते, कारण कोल्हापुरात हा प्रश्न फुटबॉलमुळे सारखा येतो. पेठेतल्या पोरांच्या अंगठ्याचं नख बुटात आपटून काळं पडतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पायाचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं, हाताचं तीन. रक्त साकळलं असेल तर काळेपणा नखासोबत पुढे सरकतो आणि मुळाशी स्वच्छ नख दिसू लागतं. फोटो काढून दोन महिन्यांनी जुळवा. पुढे सरकलं नाही, किंवा मुळापासून टोकापर्यंत उभी काळी पट्टी आहे, तर दाखवा. एकच नख, बहुतेक अंगठा. चाळिशी-पन्नाशीनंतर नवी पट्टी. रुंदी ३ मिलिमीटर किंवा जास्त. मुळाकडे रुंद आणि टोकाकडे निमुळती. आणि काळेपणा नखाबाहेर कातडीवर उतरलेला, ही काळजीची लक्षणं. बऱ्याच नखांवर बारीक तपकिरी पट्ट्या असतील तर त्या आपल्या वर्णात नेहमीच्या; कधी बी-१२ कमी असतं, कधी औषधाचा परिणाम असतो. बॉब मार्ले हा गायक फुटबॉलवेडा होता. १९७७ मध्ये त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलॅनोमा सापडला, आणि ११ मे १९८१ ला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तो गेला. खेळताना लागलेलं म्हणून नख सोडून देऊ नका, म्हणून हे उदाहरण.

आता कोल्हापुरात कुठे, याबद्दल. मुंबई-पुण्याला जायची गरज पहिल्या टप्प्यात अजिबात नाही. दसरा चौकाजवळच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे, सकाळच्या ओपीडीत केसपेपर काढून जाता येतं. कदमवाडीच्या डी. वाय. पाटील रुग्णालयातही विभाग आहे. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या जागेचा फायदा असा की त्वचा, सर्जरी आणि पॅथॉलॉजी एकाच आवारात मिळतात. खासगीत जायचं असेल तर शहरात त्वचातज्ज्ञ पुष्कळ आहेत, पण सगळ्यांचा भर सारखा नसतो. कुणाचं काम जास्त करून केस, मुरुम आणि लेझरचं असतं. त्यात गैर काही नाही, फक्त फोनवर आधी तीन गोष्टी विचारा: डर्मोस्कोप (डाग बघायचं खास भिंग) आहे का, बायोप्सी तुम्ही स्वतः करता का, आणि तुकडा कुठल्या पॅथॉलॉजिस्टकडे जातो. तिन्हींची उत्तरं सरळ मिळाली तर जा. पदवी एमडी, डीएनबी किंवा डीडीव्ही-डीव्हीडी अशी त्वचेची असावी. ‘स्किन क्लिनिक’ अशी पाटी असली म्हणजे आत त्वचातज्ज्ञ आहेच असं नाही.

जाताना तयारी काय? नेलपॉलिश हाता-पायाचं काढून जा. जोडवी, पैंजण काढून ठेवा. जोडव्याखालची कातडी वर्षानुवर्षं कुणी बघितलेली नसते. पाय साबणानं धुऊन, वजरीनं हलकेच घासून न्या, पण डाग खरवडू नका. चेहऱ्याला पावडर, पायाला तेल नको. आईला नऊवारीपेक्षा सैल गाऊन किंवा पंजाबी ड्रेस घालून नेलंत तर अंगभर बघणं सोपं जातं; सोबत बाईमाणूस असू द्या आणि तपासताना नर्स आत असावी असं निःसंकोच सांगा. जुने फोटो शोधा. तळपायाचे कुणी काढत नाही, पण चेहऱ्या-हातावरच्या तिळांसाठी लग्नाचा अल्बमसुद्धा पुरावा असतो. गोळ्यांची चिठ्ठी, शेवटची साखर आणि एचबीए१सी सोबत न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा. ती आपल्या मनानं बंद करू नका.

तपासणीला दहा ते वीस मिनिटं लागतात. नीट केलेली तपासणी अशी असते: डोक्यात भांग पाडत पाडत टाळू, कानामागे, पापण्या, ओठ, तोंडात टाळा आणि हिरड्या, मान, छातीखाली, कंबर, पाठ, मग पाय, बोटांच्या बेचक्या, तळवे, वीसही नखं. चिखल्या झालेल्या असल्या की बेचक्यांतला डाग झाकला जातो, तेव्हा बोटं फाकवून बघावीच लागतात. संशयाच्या डागावर सोनोग्राफीची असते तसली जेल लावून डर्मोस्कोप टेकवतात. हे म्हणजे दहापट मोठं दाखवणारं, स्वतःचा उजेड असलेलं भिंग. सुई नाही, किरण नाहीत, दुखत नाही. कातडीवरची चमक मारली जाते आणि वरच्या थराखालचा रंग दिसतो. शेवटी डॉक्टरांनी जांघेत बोटांनी चाचपायला हवं. पायाला जखम झाली की अवधाण येतं तीच जागा. पायाचा मेलॅनोमा सरकला तर पहिला मुक्काम बहुतेक तिथे. कपडे पूर्ण घालून, दोन मिनिटांत, उघड्या डोळ्यांनी ‘काही नाही, साधा तीळ आहे’ असं सांगितलं गेलं तर दुसरीकडे दाखवा. वाद घालत बसू नका.

मावशीच्या भीतीकडे वळते, कारण तिच्यामुळे बऱ्याच घरांत सहा-सहा महिने जातात. ब्लेड लागल्यानं मेलॅनोमा पसरत नाही. अर्धवट तुकडा काढलेल्या आणि पूर्ण डाग काढलेल्या पेशंटांची तुलना झाली आहे, जगण्यात फरक पडत नाही. हा समज कुठून आला तेही सांगता येतं: उशिरा दाखवलं, कापलं, तेव्हा आजार आधीच पसरलेला होता, आणि दोष कापण्यावर आला. पसरवतो तो वेळ.

बायोप्सी कशी होते ते माहीत असलं की धास्ती कमी होते. भुलेचं इंजेक्शन डागाच्या भोवती देतात. टाचेवर ते झोंबतं, खोटं सांगत नाही. अर्धा-एक मिनिट दात-ओठ खावे लागतील, मग बधिर. डाग लहान असेल तर भोवतीची साधारण २ मिलिमीटर चांगली कातडी घेऊन, चरबीपर्यंत खोल, सबंध काढतात. ९ मिलिमीटरचा टाचेवरचा डाग काही वेळा एकदम काढून टाके ओढणं अवघड असतं. तेव्हा सगळ्यांत जाड किंवा सगळ्यांत काळ्या भागातून ४ मिलिमीटरचा पंच, म्हणजे गोल पात्यानं काढलेला तुकडा, घेतात. वरवर तासून घेतलेला पापुद्रा नको, कारण पुढचा सगळा हिशेब खोलीवर आहे. काम वीस मिनिटांचं, घरी चालत जाता येतं, पण त्या टाचेवर भार न देता. चेहऱ्याचे टाके पाच-सात दिवसांत काढतात, तळपायाचे दोन ते तीन आठवडे ठेवतात. मधुमेह असल्यामुळे आईच्या पायाच्या नाड्या आधी बघून घ्यायला सांगा; रक्तपुरवठा कमी असेल तर जखम रेंगाळते. ऊसतोडीच्या किंवा लावणीच्या गडबडीत हे करू नका, पण त्यासाठी दोन महिने थांबूही नका. दोन आठवडे रानात कोण जाणार, एवढं आधी ठरवा.

काढलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये जातो. इथे एक गोष्ट ठामपणे: तुकडा तपासायला गेलाच पाहिजे, मग डॉक्टरांनी ‘साधाच दिसतोय’ म्हटलं तरी. डबीवर नाव, वय आणि ‘डावी टाच’ असं लिहिलंय का ते तुम्ही स्वतः बघा. पार्लरमध्ये किंवा कुठेही तीळ जाळून, लेझरनं उडवून घेऊ नका. जाळल्यावर पॅथॉलॉजिस्टला बघायला काही उरत नाही. वरचा रंग जातो, खालच्या पेशी राहतात, आणि दोन वर्षांनी जांघेत गाठ येते तेव्हा मूळ कुठलं हेच कळत नाही. चुना-सोड्याचा लेप, केसानं किंवा दोऱ्यानं आवळणं, हेही त्याच कारणासाठी नको. मानेवरच्या लोंबत्या चामखिळीला दोरा बांधला तर फार तर जखम चिघळेल. काळ्या डागावर केलं तर निदानच हातचं जाईल.

रिपोर्टला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. खास रंग लावून बघायचं ठरलं तर आणखी थोडे. त्यात ‘नीव्हस’ असं आलं तर साधा तीळ, विषय संपला. ‘मेलॅनोमा इन सिटू’ आलं तर आजार वरच्या थरातच आहे, अर्धा ते एक सेंटिमीटर कड सोडून पुन्हा काढलं की जवळजवळ नेहमीच बरा होतो. ‘इन्व्हेजिव्ह’, म्हणजे खाली शिरलेला, असं आलं तर ब्रेस्लो जाडी, म्हणजे आजार किती खोल गेलाय, हा आकडा शोधा. १९७० मध्ये अलेक्झांडर ब्रेस्लो या पॅथॉलॉजिस्टनं हे मोजमाप दिलं आणि आजही निर्णय त्याच्यावर होतात. जाडी १ मिलिमीटरपर्यंत असेल तर भोवतीची १ सेंटिमीटर कातडी काढतात, २ च्या वर असेल तर २ सेंटिमीटर. ०.८ मिलिमीटरच्या पुढे, किंवा डाग फुटून जखम झालेली असेल तर, जांघेतली पहिली लसिकागाठ काढून तपासण्याचा विचार सुरू होतो. मिलिमीटरच्या दशांशावर उपचार बदलतात, म्हणून तर लवकर येण्याचा एवढा आग्रह. पंचनं घेतलेल्या तुकड्यात ही जाडी कमी दिसू शकते, हे लक्षात ठेवा. अंतिम आकडा सबंध डाग काढल्यावरचा.

मेलॅनोमा निघालाच तर त्या टप्प्यावर कॅन्सर सर्जन हवेत. मुंबईला टाटा मेमोरियलला दुसरं मत घ्यायचं असेल तर फक्त रिपोर्टचा कागद नेऊन भागत नाही. पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, आणि स्लाइड मागून न्या. ते पेशंटचे असतात, लॅब सही घेऊन देते. तळव्याचा मेलॅनोमा वाचायला अवघड, त्यामुळे त्वचेचं पॅथॉलॉजी करणाऱ्याकडून पुन्हा वाचून घेण्यात संकोच नको. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशन कार्ड आणि आधार दाखवून आधीच विचारा, दाखल झाल्यावर नको.

अंगभर बघताना मेलॅनोमाखेरीज आणखी तीन जागा बघून घ्या म्हणून सांगते, कारण आपल्याकडे त्वचेचा कॅन्सर म्हटलं की बहुतेकदा निघतो तो स्क्वॅमस किंवा बेसल सेल कार्सिनोमा. एक, परकराची नाडी. वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट बांधल्यानं कंबरेवर काळा, जाड, खवल्यांचा पट्टा होतो. त्यात न भरणारी जखम किंवा गाठ आली तर ती स्क्वॅमस असू शकते. नाडीऐवजी रुंद पट्टा वापरावा, निदान गाठीची जागा बदलत राहावी. दोन, जुना भाजल्याचा व्रण. चुलीवर, गुऱ्हाळात भाजलेल्या जागी वीस-तीस वर्षांनी फुटून जखम झाली तर मलम चोपडत बसू नये. तीन, नाक-डोळ्यांजवळची मोत्यासारख्या चकचकीत काठाची, मधे खपली धरून पुन्हा फुटणारी फोडी. हा बेसल; आपल्या वर्णात तो काळाच दिसतो, म्हणून लोक त्याला तीळ समजतात. तो लांब पसरत नाही, पण नाक-पापणी पोखरत जातो.

उरले तुमचे पाठीचे तीळ. चाळिशीपर्यंत नवे तीळ येणं नैसर्गिक, गरोदरपणात काळे पडणंही. पंचवीस-तीस हा आकडा भिववणारा नाही. सगळे एकमेकांचे भाऊ वाटत असतील तर निर्धास्त राहा. घोळक्यात एखादाच परका वाटला, जास्त काळा, मोठा किंवा वेगळ्याच रंगाचा, तर त्याच्यावर बोट ठेवून दाखवा. चेहऱ्यावरचे बारीक काळे मस आणि पन्नाशीनंतर पाठीवर चिकटवल्यासारखे दिसणारे खरबरीत डाग बहुधा वयाचे. मोबाइलवर फोटो काढून ठेवा: खिडकीच्या उजेडात, फ्लॅश आणि फिल्टर न लावता, शेजारी शाळेची पट्टी धरून, एक लांबून आणि एक जवळून, तारखेसकट. फोटोवरून निदान सांगणारी ॲप बहुतांश गोऱ्या कातडीच्या फोटोंवर शिकलेली असतात आणि तळपायाचे फोटो त्यात नगण्य, तेव्हा त्यांचं ‘सुरक्षित’ मनावर घेऊ नका.

आईला सोमवारी घेऊन जाल तेव्हा त्याच खेपेत शर्ट काढून स्वतःची पाठही दाखवा. केसपेपर मात्र दोन काढा, एकाच कागदावर दोघांचं लिहिलं की पुढच्या वेळी कुणाचा डाग किती होता ते सापडत नाही.